लंगोटांचा सरंजाम

५ जानेवारी, रविवार

आज पुन्हा खोकं आलं! सूनबाईंच्या लंगोटांचा सरंजाम. बटणांचे लंगोट होतेच; आता त्यात घालायच्या सुती घड्या, घडीवर अंथरायची पातळ जाळी – शी तेवढी उचलून टाकायची म्हणे – ओले कोंबायला चेनची पिशवी आणि वाळवायला चोवीस चिमट्यांचं चक्र. पाच महिन्यांची माझी नात मनवा, आणि थाट नवरीच्या रुखवतासारखा!

डिंडोलीहून कामाला येणारी सखुबाई पिशवी उलटीपालटी करून म्हणाली, "हाई काय शे व बाई? आमना पोरं चिंधीमा वाढनात!" मी मोठ्याने हसले. श्वेताने ऐकलं. ऐकू दे.

बारशाआधी श्वेताला माझी निळी सुती साडी दिली होती. धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. बाळाचे पहिले लंगोट आजीच्या जुन्या साडीचे – आमच्यात रीतच आहे. या सुरतेत कापडाचे डोंगर, पण अस्सल सुती मिळेल तर शपथ! तर म्हणाली, "ठेवते आई, नंतर बघू." नंतर म्हणजे कधीच नाही. तीस वर्षं शाळेत काढलीत, असलं 'नंतर' मला चांगलं कळतं.

८ जानेवारी

तीन फेब्रुवारीला श्वेता बँकेत रुजू होणार. शाखा बारडोलीची, माहेरही बारडोलीचं. मनवाला घेऊन तिकडेच राहणार, शनिवार-रविवार इकडे! अजिंक्य म्हणतो, "आई, तिला एकटीला सगळं जमत असेल तर जाऊ दे की."

जमत असेल तर. म्हणजे जमता कामा नये. हे गेल्यापासून या घरात मला आहे कोण? पोर इथेच राहील.

९ जानेवारी

शिंक आली आणि परकर भिजला. आज दुसऱ्यांदा. सखुबाई यायच्या आत धुऊन बाथरूमच्या दारामागे टाकला. हे फक्त या वहीला माहीत.

११ जानेवारी, शनिवार

सापडलं! लंगोटांबरोबर आलेल्या कागदावरच लिहिलंय – कपडे मऊ करणारं सुगंधी औषध घालू नका, घडीवर थर बसतो, मग ती ओल शोषत नाही. बाटली घरात आहेच. मशीन मीच लावते. दोन टोपणं घातली. वास काय छान!

१४ जानेवारी, संक्रांत

वरचं धाबं पतंगवाल्या पोरांनी भरलं, म्हणून ते चक्र गॅलरीत टांगलं. सकाळपासून श्वेताने चार दुपटी बदलली. "आई, नव्या घड्या गळतात कशा?" वर कंपनीला नावं ठेवते. नाचता येईना अंगण वाकडं! मी म्हटलं, "तरी मी सांगत होते." उंधियू फारच छान झाला होता.

१७ जानेवारी

मनवाच्या मांड्या लाल झाल्या. लंगोट सोडला की कळवळते. मी खोबरेल लावलं. पण परवा बोरन्हाण आहे, सगळे जमणार. आज तीन टोपणं.

१९ जानेवारी, रविवार

झालं! काळं झबलं, हलव्याचे दागिने, मनवा विहीणबाईंच्या मांडीवर. बोरं-चुरमुरे डोक्यावरून ओतले आणि विहीणबाई दचकल्या. रेशमी साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली! शेजारची हंसाबेन ओरडली, "अरे, आ तो बधुं भीनुं थई गयुं!" अजिंक्य सगळ्यांदेखत श्वेतावर खेकसला, "एवढं सामान आणूनही तुला एक लंगोट बांधता येत नाही?" ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मी हसले. इतकी हसले की मलाच घाईने उठावं लागलं. पॅसेजमध्ये श्वेता समोर आली. माझ्या साडीच्या मागच्या बाजूला पाहिलं का तिने? नसेल पाहिलं. डोळे सुजले होते तिचे.

२० जानेवारी

अजिंक्य म्हणाला, मनवा इथेच राहील. जिंकले! श्वेताने धुवायच्या घड्या माझ्या हातून घेतल्या. "मी हाताने धुते, आई."

२७ जानेवारी

श्वेता चार दिवस घड्या पाण्यात उकळत होती. त्यानंतर एकदाही गळलं नाही. मांड्याही बऱ्या झाल्या. अजिंक्य म्हणतो, "बघ आई, जमतंय की तिला!" पुन्हा बारडोलीचं ठरलं. मेलं माझं नशीब! दुपारभर तिच्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं. माहेरी न्यायला आणखी लंगोट शिवत असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

गेले सगळे. मनवा माझं बोट सोडत नव्हती. श्वेताने हळूच सोडवलं.

माझ्या उशीखाली ती चेनची पिशवी. आत सहा घड्या, माझ्या निळ्या साडीच्या, मोठ्या माणसाच्या मापाच्या. आणि चिठ्ठी –

"आई, ओल्या झाल्या की या पिशवीत ठेवा, वास येत नाही. अजिंक्यला काहीच सांगितलेलं नाही. धुताना बाटलीतलं घालू नका. मग गळतात."

एक लावली. मुद्दाम खोकले. थेंबही बाहेर आला नाही.