रिकाम्या बरण्या परत पाठवाव्यात

१२ ऑगस्ट

बरण्या परत आल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात मुलाला सोफिया शहरात पाठवल्या, त्यातली एकही नाही. खायला तोंडं आहेत, रिकामी बरणी धुऊन बसमध्ये ठेवायला हात नाहीत. सुनेला काचेची किंमत नाही. तिचं नाव लिहीत नाही, लिहिलं की बीपी चढतं.

ही वही बीपीच्याच गोळीसाठी आहे. डॉक्टरीण म्हणाली, आजी, गोळी घेतली की लिहून ठेवत जा. घेतली.

ठरवलं: यंदा कोणासाठी काही करायचं नाही. माझ्यापुरत्या चार बरण्या. बास.

१४ ऑगस्ट

टोमॅटो सगळे एकदम पिकले. त्यांना कोण सांगणार? वाया घालवणं पाप आहे. चारच्या दहा होतील. मुलासाठी नाही, टोमॅटोसाठी.

शेजारची गिना म्हणाली, तुझा कामेन यंदा पोरीला घेऊन आला नाही गं? दर ऑगस्टला येतो ना? मी म्हटलं, काम असतं माणसाला. तुझ्या पोरांसारखा इटलीत भांडी घासत नाही तो.

कामेनलाही ईस्टरला असलंच खूळ लागलं होतं, इंग्लंडला जायचं. जेवणाच्या टेबलावरच सांगितलं, जा की. त्याच दिवशी तुझ्या नावाचा मेल्याचा कागद छापून फाटकावर चिकटवते. तुझा बाप गेला तेव्हा लावलेल्या कागदाशेजारी जागा आहे. पोराने पुन्हा विषय काढला नाही. असं बोलावं लागतं. गिनाला बोलता आलं नाही, बसली एकटी.

माझा वाकड्या दांड्याचा चमचा गेल्या ऑगस्टपासून सापडत नाही. तेव्हा कॉफी प्यायला कोण येत होतं, मला माहीत आहे.

गोळी घेतली.

२० ऑगस्ट

लाल मिरच्या भाजल्या. सोलून बोटं पेटली. मग ल्युतेनित्सा ढवळली, मिरच्या, टोमॅटो, थोडं वांगं, चमचा उभा राहील इतकी घट्ट. कामेनची दारिना पावावर इतकी जाड थापते की पाव दिसत नाही. सहा वर्षांची आहे, खाणं मात्र आजोबांचं. पण तिच्यासाठी केली नाही. मिरच्या होत्या म्हणून केली.

अंगणात पिंप मांडलं, खाली द्राक्षाच्या काटक्या पेटवल्या. बरण्यांच्या मधेमधे चिंध्या कोंबून उकळायला ठेवल्या. टोमॅटोच्या बरणीत माझी आई घालायची तशी एकेक डोकेदुखीची गोळी घातली, म्हणजे आंबत नाही. आज गोळी बरण्यांनी घेतली, मी विसरले.

काढून उलट्या ठेवल्या, वर नवऱ्याचा जुना कोट पांघरला. चाळीस झाल्या. माझ्यापुरत्याच आहेत. हिवाळा मोठा असतो.

२१ ऑगस्ट

सकाळी दहाला कामेनला फोन केला. हल्ली त्याचा फोन विचित्र वाजतो, दोनदा दोनदा, मग गप्प. पूर्वी एकेकदा वाजायचा. शहरातल्या तारा सडल्या असणार.

म्हणाला, आई, आत्ता उठतोय. दारिना झोपलीय अजून. दहा वाजता! सोफियात सूर्य उशिरा उगवतो का, विचारलं. हसला नाही.

म्हटलं, बसने खोकं पाठवते. म्हणाला, आई, यंदा नको गं. उगाच दमतेस. जीव आहे त्याचा माझ्यावर. म्हणजे पाठवायचंच. मागच्या बरण्या संपल्या का, विचारलं. केव्हाच, म्हणाला, बोटं चाटून खाल्लं.

खोकं आणलं. ल्युतेनित्सा, मुरंबा, लोणचं. वर कागद चिकटवला: रिकाम्या बरण्या परत पाठवाव्यात.

२८ ऑगस्ट

बसचा ड्रायव्हर राश्को खोकं परत घेऊन आला. आजी, स्टँडवर कोणीच आलं नाही, अर्धा तास थांबलो, पोलीस ओरडायला लागला. मी म्हटलं, बाथरूमला गेला असशील तेवढ्यात. कामेन येऊन गेला असणार.

फोन केला. कामावर अडकलो होतो, म्हणाला. साहजिक आहे. मीच वार चुकीचा निवडला.

गोळी घेतली. दोन.

५ सप्टेंबर

पुन्हा पाठवलं, यावेळी रविवारी. कामेन म्हणाला, बरं, कोणाला तरी पाठवतो. कोणी आलं नाही. खोकं परत आलं, आणि मुरंब्याची एक बरणी कमी. राश्कोला सांगितलं, तू खाल्लीस. दरवेळी तूच खात असशील, आणि स्टँडवर कोणी येत नाही म्हणून सांगतोस. बायकोची शपथ घ्यायला लागला. मी म्हटलं, बायकोची घेऊ नकोस, ती तुला नकोच आहे.

चिडला. म्हणाला, पत्ता द्या आजी, आता दारात नेऊन देतो आणि सही घेऊन येतो.

दिला. माणसाला कामाला लावायचं असेल तर आधी चोर म्हणावं. मग सरळ चालतो.

गिना म्हणाली, वेलिका, फोन दोनदा दोनदा वाजतो ना? माझ्या भाचीचा तसाच वाजतो. ती लंडनला असते. मी म्हटलं, तुझ्या भाचीच्याही तारा सडल्यात.

मुरंब्याची बरणी ओट्यामागे सापडली. राश्कोला सांगायची गरज नाही.

९ सप्टेंबर

राश्को आला. एक खोकं दिलं होतं, चार घेऊन आला. मी म्हटलं, शेवटी आल्या रिकाम्या! सुनेला अक्कल आली.

उचलायला गेले. उचललं नाही.

भरलेल्या. गेल्या वर्षीच्या, त्याच्या आदल्याही. माझ्या हाताने चिकटवलेले कागद तसेच. झाकणांवर धूळ.

राश्को टोपी काढून उभा राहिला, मयतीला आल्यासारखा. म्हणाला, आजी, दार एका विद्यार्थिनीने उघडलं. जूनपासून ती तिथे भाड्याने राहते. तुमची माणसं इंग्लंडला गेली, पोरीसकट. तळघरात ही खोकी होती. घेऊन जा म्हणाली, तिला सायकल ठेवायची आहे.

मी म्हटलं, तुझी बस सुटेल.

तो गेल्यावर बरण्या पुसल्या. एकही झाकण फुगलं नव्हतं. माझ्या हातचं आहे ते, टिकणारच.

एक बरणी मात्र रिकामी निघाली. प्लमच्या मुरंब्याची. आतून खरवडून साफ केलेली, आणि आत चमचा. वाकड्या दांड्याचा, माझा. तळघरात अंधार असतो, दारिना अंधाराला घाबरते. तरी गेली.

गिनाला बोलावून कॉफी पाजली. का, ते सांगितलं नाही.

गोळी घेतली नाही. लिहिलं.

१० सप्टेंबर

फाटकावर नवऱ्याच्या कागदाशेजारी जागा होती, तिथे मिरच्यांची माळ टांगली. आता जागा नाही.

आज रविवार. दर रविवारसारखा दुपारी कामेनचा फोन येईल, सोफियाहून बोलतोय म्हणेल. मी बागेत आहे. गिना, टेबलावर ही वही उघडी आहे, तू वाचणारच, म्हणून इथेच लिहिते. फोन तू उचलायचास. मी नाही. मेल्याच्या कागदाचं काही बोलायचं नाही. फक्त विचार, पोरगी तिथे पावाला काय लावते. मी विचारलंय म्हणून सांगू नकोस.