न वाचता केलेली सही

आदरणीय नायफ उस्ताद,

तुमचा निरोप येऊन आठ दिवस झाले. "पोरी, ज्या निबंधावर अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या विद्यापीठाने तुला घेतलं, तो पाठव. आपल्या इर्बिद विद्यापीठातल्या नव्या पोरांना वर्गात वाचून दाखवतो." मी रोज "उद्या पाठवते" म्हणतेय.

शिफारसपत्र मागायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "तूच लिही, मी सही करतो." आपल्याकडे सगळेच असं करतात. मी स्वतःची भरपूर स्तुती लिहून आणली. "वाचा तरी, उस्ताद," म्हटलं, तर हसलात. "तू लिहिलंयस ना? मग मी कशाला वाचू?" वर शिक्क्यासाठी भर उन्हात कचेरीच्या रांगेत स्वतः उभे राहिलात. प्रवेश मिळाला तेव्हा सगळ्या विभागाला कुनाफ्याची मिठाई वाटलीत.

निबंधाला प्रश्न होता, सध्याचं विद्यापीठ का सोडायचंय? मी लिहिलं, "इथले प्राध्यापक विद्यार्थ्यांनी लिहिलेलं वाचतसुद्धा नाहीत."

दोन वर्षं माझ्या वहीतला स्वल्पविरामही लाल पेनाने सुधारणाऱ्या माणसाबद्दल हे लिहिलं, उस्ताद. नाव घातलं नाही, एवढीच काय ती लाज राखली.

ते वाक्य काढून निबंध पाठवता येईल. कालच काढून पाहिलं. तुम्हाला कधी कळणारही नाही. आधी नजरसुद्धा न टाकता तुम्ही वर्गासमोर उभे राहाल आणि म्हणाल, "आमच्या हनादीने लिहिलंय."

त्या "आमच्या"साठीच हात थांबतो.

तुमची म्हणवायला लाजणारी,
हनादी