सैल झालेल्या कमिजा

कारंजा लाड,
शुक्रवार, दुपार

प्रिय निता बेटा,

तुझ्या बाबांनी मेडशीहून पाठवलेली तुरीची डाळ पोचली. लखीराम अजून पिशवीचं तोंड सुतळीनं चार गाठी मारून बांधतो, सोडवता सोडवता माझ्या बोटांचा जीव जातो. तुला फोनच करणार होतो. पण फोन हातात घेतला की तुझी चाची समोर येऊन बसते अन् म्हणते, "इस्पीकर लावा मास्टर, मलेबी ऐकू द्या." म्हणून दुकानात मशीनच्या फळीवर कागद ठेवून लिहून राह्यलो. चौथी शिकलेला टेलर आहे मी, अक्षराला हसू नको.

वजन उतरवायचा सल्ला घ्यायला तुझ्या दवाखान्यात येण्याआधी तुझ्या चाचीनं, सुगरानं, काय केलं होतं, ते तिनं तुला अर्धंच सांगितलं. दहा किलो उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन नाही, असं डॉक्टर बोलले अन् तिनं त्याच दिवशी भात, पोळी, गोड सगळंच बंद केलं. आठ दिवस काकडी अन् लिंबूपाणी. नवव्या दिवशी चक्कीवर चक्कर येऊन बसली, घरी आली अन् बिर्याणीचं पातेलं एकटीनं रिकामं केलं. मग रडली. तिला दुसरं काही नको आहे गं, खुर्चीवरची नमाज सोडून जमिनीवर कपाळ टेकून सजदा करायचा आहे. खुर्चीवर बसली की तिला वाटतं, आपण पाहुण्यासारखे आलो.

तू तिला सांगितलंस, एका वेळी एकच गोष्ट, अन् ती अंगवळणी पडली की दुसरी. मला आधी हसूच आलं होतं. चहात दोनऐवजी एक चमचा साखर, यानं काय होणार? पण तिनं ते पाळलं. मग दुसरी गोष्ट आली, सगळ्यांच्या मागून जेवताना पातेल्यातलं उरलेलं संपवायचं नाही. हे फार जड गेलं. अन्न टाकायचं नाही हे तिच्या रक्तात आहे. शेवटी तूच तोड काढलीस, शिजवतानाच एक मूठ तांदूळ कमी घ्यायचे. आता ती मूठ डब्यात परत टाकताना मला मुद्दाम दाखवते.

महिना झाला तेव्हा बाजारातल्या मेडिकलच्या काट्यावर उभी राह्यली. सव्वा किलो उतरलं होतं. मी खूश झालो, ती नाही. "एवढा जीव मारला अन् सव्वा किलो? एवढं त माह्या चपलेचं वजन असन!" त्या दिवसापासून पुन्हा दोन चमचे साखर अन् पुन्हा पातेलं पुसणं. मी समजावलं, तुझं नाव घेतलं, रागावलोही. भिंतीशी बोलल्यासारखं झालं.

आता जे लिहितो ते तिला माहीत नाही. ती दळणाला गेली तेव्हा मी तिच्या चारही कमिजांची बाजूची शिवण उसवली अन् दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच सैल केली. आम्ही शिवणीत जादा कापड ठेवतोच, त्याला माया म्हणतात. दुसऱ्या दिवशी कमीज घातली अन् आरशासमोरून ओरडली, "मास्टर, पाहा न, ढिल्ली झाली!" त्या दिवसापासून साखर एक चमचा, मूठ डब्यात, अन् जेवल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत फेरी. दीड महिन्यात एक दिवस चुकली नाही. काट्याचं मात्र नाव काढत नाही, म्हणते, "माहा काटा माह्या अंगावर हाय."

अन् हे पहिल्यांदा केलं असं नाही, बेटा. गेली अठरा वर्षं ती जशी भरत गेली, तशी मी गुपचूप शिवण सैल करत आलो. तिला तंग कपड्यात ओशाळलेलं पाहवत नव्हतं. ती बायांना सांगायची, मास्टरच्या हातची कमीज कधी तंग होत नाही. अंग वाढत होतं हे तिला कपड्यांनी सांगायला पाहिजे होतं. मी त्यांना बोलूच दिलं नाही. शेवटी गुडघे बोलले.

आता ती गल्लीत सांगत फिरते, आठ किलो त गेले असतीन. खरे किती गेले मला माहीत नाही. तीन असतील, चार असतील. तू म्हणशील, तेही भरपूर आहेत. पण तिला आठ पाहिजेत. अन् परवा तिनं चारही कमिजा माझ्या मशीनवर आणून टाकल्या, "आत घ्या, निताले दाखवाच्या हायेत." आत घेतल्या तर अंगात शिरणार नाहीत. त्या रंगाचा दोरा नाही म्हणून मी दोन दिवस टाळून राह्यलो. टेलरच्या दुकानात दोरा नाही! ती हसली अन् म्हणाली, म्हातारे झाले तुमी.

येत्या गुरुवारी सकाळच्या एसटीनं आम्ही वाशीमला तुझ्याकडे येतो. तू तिला काट्यावर उभं करशील. त्याच्या आधी दार लाव अन् हे पत्र तिला वाचून दाखव. तिला मराठी वाचता येत नाही, अन् मला तोंडानं सांगता येत नाही. आठवड्यात चार वेळा सुरुवात केली अन् चारही वेळा पाणी मागितलं. तू वाचशील तेव्हा मी बाहेर बाकावर बसलेला असेन. सुगरा, साखर तूच कमी केली, मूठ तूच काढली, त्यात माझा हात नाही. जितकं उतरलं असेल तितकं तुझंच आहे. निता, तिनं मला आत बोलावलं तर हाक मार. नाही बोलावलं, तरी तिला एकटीला एसटी स्टँडवर पाठवू नको. पायऱ्या उतरताना तिला धरायला माणूस लागतो.

तुझाच,
युसूफचाचा