नऊ नव्हे, सात किलोमीटर

२ सप्टेंबर

ती. दादास,
ठमीचा सा. न. वि. वि.

फोनवर कामाचा विषय काढला की तुझा फोन नेमका त्याच वेळी बिघडतो, म्हणून हे पत्र. कागदाला रेंज लागत नाही.

शाळेची बस विकली, हे तुला ठाऊक आहेच. बारा वर्षं चालवली. नवा मालक ती घेऊन निघाला तेव्हा तिसरा गिअर कुठे अडतो ते सांगायला मी फाटकापर्यंत त्याच्या मागे पळाले. आता चार महिने घरी बसून आहे. कपाटं तीनदा लावून झाली. चौथ्यांदा लावायला घेतली तर घरातले मलाच त्यात घालून कडी लावतील. दादा, मला गाडी चालवल्याशिवाय चैन पडत नाही आणि ही खोड तूच लावलीस.

तू पूर्वी होतास त्या धान्याच्या यार्डात हंगामासाठी ड्रायव्हर हवे आहेत. हॉपर ट्रेलर ओढायचा, कोठारावर वरून भरायचा आणि गिरणीवर तळाची दारं उघडून रिकामा करायचा. अनुभव नसेल तर एखाद्या जुन्या हॉपरवाल्याची चिठ्ठी चालेल, असं जाहिरातीत म्हटलंय. असा माणूस मला एकच माहीत आहे. चार ओळी खरडून दे. खरं लिहिलंस तरी चालेल.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ आहेच, या खेपेला तो चिठ्ठीच्या रूपाने यावा.

तुझी,
ठमी


८ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक उ. आ.

पत्र पोचलं. चिठ्ठी मिळणार नाही.

धान्याची धूळ नाकात जाते ती सुटीच्या दिवशीसुद्धा निघत नाही. गिरणीबाहेर तीन-तीन तास रांगेत बसावं लागतं. ताडपत्री वाऱ्यात अशी फडफडते की ती आवरताना माणूसच पतंग होतो. तुला गाडीच चालवायची आहे ना? मग दुधाचा टँकर चालव. सिमेंट वाहा, मीही शेवटची वर्षं सिमेंटच वाहिलं. विटा ने, कपाटं ने, तुला कपाटांचा सराव आहेच. पण धान्य नको, आणि ते यार्ड तर मुळीच नको. तिथली माणसं चांगली नाहीत. म्हणजे चांगली आहेत, पण फार बोलतात.

मी तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. राग मानू नकोस, आणि मानलास तर पत्रातून कळव, फोनवर नको.

तुझा,
दादा

ता. क. मी वहिनी लिहितेय. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, त्याचा फायदा घेते. दातांच्या डॉक्टरकडे जायचा सरळ रस्ता त्या यार्डावरून जातो. गेली बारा वर्षं आम्ही अख्ख्या गावाला वळसा घालून जातो. विचारलं की म्हणतात, तिकडे खड्डे आहेत. कुठेतरी पाणी मुरतंय. तू जाऊन ये.


१७ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू नको म्हणालास आणि मी गेले. लहानपणापासूनची पद्धत एकदम कशी मोडणार?

तुझं नाव सांगितलं नाही, वशिला नको म्हणून. मुकादम म्हणजे तोंडाने कमी आणि भुवयांनी जास्त बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला रिकामा हॉपर दिला आणि तो उलटा नेऊन जमिनीतल्या जाळीवर असा उभा करायला सांगितलं की ट्रेलरचं मागचं दार बरोबर जाळीच्या मधोमध यावं. एका दमात लावला. हे कुठे शिकलात असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मागे चाळीस पोरं किंचाळत असताना शाळेच्या अंगणात बस वळवून बघा. त्यांची एक भुवई वर गेली. दुसरी जरा वेळाने.

पण खरी गंमत फाटकावर. तिथे एक पाटी आहे. त्यावर लिहिलंय, 'दाराला हात लावला का?' आणि खाली एक तारीख, बारा वर्षांपूर्वीची. भरलेली गाडी फाटकाशी आली की ड्रायव्हर खाली उतरतो, तळाच्या दोन्ही दारांच्या दांड्यांवर एक-एक चापट मारतो आणि मोठ्याने 'मामा!' अशी आरोळी ठोकतो. मगच फाटक उघडतं. हा मामा म्हणजे पाखरूमामा. कोणे एके काळी तो गहू भरून निघाला आणि मागचं दार चार बोटं उघडं राहिलं. नऊ किलोमीटर रस्त्यावर सरळ रेघ ओढत गेला आणि मागून जिल्ह्यातली सगळी पाखरं! पोलिसाला पत्ता विचारायचं कारणच पडलं नाही, तो रेघेवरून थेट गिरणीत पोचला. मी हसून हसून जमिनीवर बसले. तुझ्याच काळातला असणार हा. ओळखतोस का रे?

आता अडचण. पहिल्या तीन खेपांना शेजारी जुना हॉपरवाला बसायलाच हवा, असा नियम आहे. यार्डातले सगळे हंगामात अडकलेत. एक तारखेला मी माणूस आणला तर काम माझं, नाहीतर दुसऱ्या एकाला देणार आहेत. दादा, मला हे काम फार हवंय. येशील का?

तुझी,
ठमी


२१ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. एखाद्या कष्टाळू माणसाला इतकी वर्षं हसत राहणं हे तिथल्या लोकांना शोभत नाही. मी तुला सांगितलंच होतं की ते फार बोलतात, आणि त्यातलं निम्मं खोटं असतं.

तू म्हणतेस त्या माणसाला मी ओळखत नाही. तरी माहितीसाठी सांगतो, नऊ नव्हे, सात किलोमीटर. गहू नव्हे, मका. आणि दार चार बोटं नव्हे, दोन बोटं उघडं होतं. चार बोटं असतं तर सात किलोमीटर पुरलाच नसता, इतका साधा हिशेब त्यांना कळत नाही. पाखरंही फार नव्हती.

एक तारखेला मला जमणार नाही. कंबर धरली आहे.

तुझा,
दादा

ता. क. कंबर ठणठणीत आहे, काल यांनी पाण्याची टाकी एकट्याने हलवली. तुझं पत्र मात्र दिवसातून चारदा उघडून वाचतात. हसू नकोस गं. हसलीसच तर मला न कळवता हस. वहिनी.


२४ सप्टेंबर

ती. पाखरूमामास,

चुकले. ती. दादास सा. न. वि. वि.

खाई त्याला खवखवे! काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दातांच्या डॉक्टरकडे जाताना. मी यार्डभर विचारत फिरत होते की मामा कोण, आणि मामा घरचाच निघाला.

काल दिवसभर हसले. मग संध्याकाळी मुकादमांनी लायसन्सची प्रत मागितली म्हणून पाकिटातून ते काढलं आणि हसू तिथेच थांबलं. पाटीवरची तारीख १९ ऑगस्ट. मला अवजड गाडीचं लायसन्स मिळालं ती तारीखही १९ ऑगस्ट, त्याच वर्षीची. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाले होते आणि ऑफिसच्या पायरीवरूनच तुला फोन केला होता. तू फोनवर इतका ओरडलास की शेजारी उभा असलेला शिपाई दचकला.

दादा, तू तेव्हा कुठे होतास?

आता चिठ्ठी नको आणि सोबतही नको, तुला यावंसं वाटत नसेल तर. फक्त एवढं सांग. लोभ वाढावा असं लिहिणार होते, पण तो मुळात किती होता हेच मला ठाऊक नव्हतं असं दिसतंय.

तुझी,
ठमी


२७ सप्टेंबर

चि. ठमे,

कोठाराखाली होतो. ट्रेलर भरून झाला होता. पुढचं दार तपासलं, मागच्या दाराकडे निघालो आणि तुझा फोन आला.

मग मी भरणाऱ्याला सांगितलं. काट्यावरच्या माणसाला सांगितलं. फाटकावरच्याला दोनदा सांगितलं. आपल्या घरात मोठी गाडी चालवणारी पहिली बाई, आणि शिकवलं मी! त्या नादात चढलो आणि निघालो. वाटेत लोक हात करत होते. मला वाटलं, बातमी पोचली. मीही सगळ्यांना हात केला, हॉर्न वाजवला. एक म्हातारा तर सायकलवरून बराच वेळ मागे येत होता. मी म्हटलं, किती हा आनंद!

गिरणीवर मागचं पोट उघडलं तर आत वाराच. त्यानंतर यार्डात पाऊल टाकवलं नाही. तुला सांगितलं नाही कारण तू नुकती बस घेतली होतीस. माझ्यामुळे दादाचं हसं झालं, हे डोक्यात घेऊन तू पोरांना नेऊ नयेस, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर लाज वाटत होती.

एक तारखेला सकाळी आठला फाटकावर ये. मी बाजूच्या सीटवर बसेन. हसणाऱ्यांना हसू दे.

तुझा,
दादा


६ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

माफीची तिन्ही पत्रं पोचली. आता चौथं धाडू नकोस, पोस्टमन चौकशा करू लागला आहे.

तुला जे दिसलं नाही ते सांगतो. तू गाडी आणायला गेलीस तेव्हा मी आत आलो, आणि सगळ्यांनी मिळून 'मामा' अशी आरोळी ठोकली. बारा वर्षं मी तिला भीत होतो, पण ऐकायला वाईट नव्हती. मुकादमांनी स्वतः खुर्ची पुसून दिली आणि म्हणाले की पाटी लागल्यापासून या यार्डातून दाणा सांडलेला नाही. मी लगेच ताडपत्री नीट बांधली नाही असं त्यांना ऐकवलं.

तू मका भरलास, दोन्ही दारं तपासलीस, चापट मारलीस, आरोळी दिलीस. सगळं चोख. मलाच राहवलं नाही. मागचं दार एकदा आपल्या हाताने बघावं म्हणून मी उतरलो. बघितलं, घट्ट होतं. वळून पाहतो तर गाडी निघालेली. मी हात केला. तू आरशात पाहिलंस आणि छान हसून हात केलास! तिसऱ्या किलोमीटरवर तू रिकाम्या सीटला विचारलंस म्हणे, की कसं चाललंय माझं. घराण्याचा गुण कुठे जातो?

मुकादमांनी ती खेप मोजली नाही, म्हणजे तीन अजून व्हायच्याच आहेत. मात्र काम तुझंच, असं त्यांनी दोन्ही भुवयांनी सांगितलं. पाटीवर काल एक ओळ वाढली आहे: 'शेजारचा बसला का?' खाली तुझी तारीख. आज आम्ही दातांच्या डॉक्टरकडे सरळ रस्त्याने गेलो, तेव्हा तुझ्या वहिनीला गाडी थांबवून ती पाटी दाखवली.

त्या दिवशी तू वळणाआड गेलीस आणि आम्ही सगळे फाटकातून बाहेर येऊन रस्ता बघत राहिलो. लांबपर्यंत स्वच्छ. एक दाणा नव्हता. सांडलो होतो तो मी एकटा.

उरलेल्या तिन्ही खेपांना मला आठवणीने बरोबर ने, इतकाच लोभ असू दे.

तुझा दादा,
पाखरूमामा