खडूच्या रेघेवरून

मंगळवार, ९ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. मावशीची तब्येत सुधारली हे वाचून बरं वाटलं. इकडे बाबांचा गुडघा तेवढा कुरकुरतो, आणि गुडघा कुरकुरला की बाबाही. शिवणाचं दुकान आता मीच बघते. ते खुर्चीत बसून चुका काढतात.

तुझ्या लेकीला शिवणकाम शिकायला ठेवून घेईन का, असं विचारलंस. वर लिहिलंस, “काका नको म्हणाले तर राग नाही.” बाबा नको म्हणतील, हे तू धरूनच चालली आहेस गं.

तू सुट्टीला आमच्याकडे आली होतीस, तेव्हाचा तो दिवस आठवतो? आईबाबा सकाळीच बाहेरगावी गेले होते. संध्याकाळपर्यंत घर आपलं. दहापर्यंत पत्त्यांवरून भांडलो, अकराला एकमेकींचे केस कापायचं ठरवून घाबरलो, बाराला डबे उपसून साखर खाल्ली. मग नुसत्या लोळत पडलो. “वेळ जाता जात नाही,” हे तू शंभरदा म्हणालीस. मी चौदाची, तू पंधराची. मला शहाणपणा सुचला. गळ्यात टेप अडकवली, बाबांची मोठी कात्री उचलली आणि “बघ हं, मास्तरीण कशी कापते!” म्हणत टेबलावरचं कोटाचं कापड खडूच्या रेघेवरून कराकरा कापलं.

बाबांची रेघ शिवणीची असते. शिवणीसाठी बाहेर जादा कापड ठेवायचं, ती माया ते नजरेनंच सोडतात, दुसरी रेघ मारत नाहीत. मला माहीत होतं, रोज बघत होते. पण तोरा! गिऱ्हाइकाचं कापड वाया गेलं.

संध्याकाळी बाबा गरजले तेव्हा मी तुझ्यामागे लपले. तू म्हणालीस, “काका, मी कापलं.” नंतर मला हळूच म्हणालीस, “मी परवा घरी जाईन. तुला इथंच राहायचंय.”

त्या वर्षी बाबा तुला हाताखाली घेणार होते. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला, असं म्हणायचे. ते राहूनच गेलं. “या पोरीनं पुन्हा माझ्या कात्रीला हात लावायचा नाही,” म्हणाले, आणि तुझी जागा मला मिळाली. आज कुणी माझ्या कटिंगचं कौतुक केलं की मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, किती नम्र बाई!

तुझे उपकार मानायला मला सत्तावीस वर्षं लागली. ताई, माझं सगळं तुझ्यामुळे आहे.

काल बाबांना खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता कडाडतील. तर म्हणाले, “कात्रीला धार लावून आण. पोर येईल, तिच्या हातात बोथट कात्री देणार का?” मग म्हणाले, “आणि तिच्या आईलाही ये म्हणावं. मला तिच्याशी बोलायचंय.”

तेव्हा दोघी या. लेकीला पहिल्याच दिवशी कोरं कापड देणार आहे. बिघडवू दे खुशाल. बाबांनी विचारलं तर मी सांगेन, मी कापलं.

तुझ्या जागेवर बसलेली,
छोटी