शिंपल्यांचा किल्ला

सेंट ऑगस्टीन, फ्लोरिडा
१४ मार्च

प्रिय शुभावहिनी,

नमस्कार. सई कशी आहे? तुझे सगळे मेसेज वाचले, उत्तर एकालाही दिलं नाही. उद्या लिहू म्हणायचो आणि भटकायला निघायचो. फोन केला असता तर दादाने शेजारून ऐकलं असतं, म्हणून हा कागद.

इथे एका हॉस्टेलात झाडलोट करतो, त्या बदल्यात पलंग मिळतो. गाव जुन्या स्पॅनिश लोकांनी वसवलेलं, गल्ल्या बोळासारख्या. एका झऱ्याचं पाणी प्यायलं की म्हणे माणूस तरुण राहतो. मीही प्यायलो. नासक्या अंड्याचा वास. पलीकडच्या बेटावर मगरी पाळल्यात, त्यातली एक थेट रवीकाकांसारखी तोंड उघडं टाकून झोपते. असो, भरकटलो.

किल्ला पुन्हा पाहिला. आईला दाखवायचा राहिला तो. शिंपल्यांच्या दगडाचा आहे. तोफगोळे आदळले तरी भिंत फुटली नाही, गोळे आतच रुतले. मागे एकदा इथे आलो तेव्हा मी फोटो पाठवला होता, तर आई म्हणाली होती, "माझ्यासारखाच की. सगळं पोटात घालतो."

आज तिचं वर्षश्राद्ध. तिकडे दादा करत असेल.

वहिनी, दहाव्याचा विषय तू कधी काढला नाहीस, मीही नाही. तिकडे आपल्या ट्रॉय गावच्या तळ्याकाठी बर्फावर पिंड, आणि कावळा समोरच्या खांबावर, शिवायचं नाव नाही. सगळ्यांनी वचनं देऊन पाहिली. तू सईला मराठी शिकवीन म्हणालीस. शेवटी वसुधामावशी दादाला म्हणाली, "यतीन, ऋषीला सांभाळीन म्हण. तिचा जीव त्याच्यात अडकलाय."

"सव्वीस वर्षांचा घोडा झालाय तो, मावशी."

कावळा उडून गेला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. त्याच संध्याकाळी मी बॅग उचलली.

दादा खोटं काही बोलला नव्हता. पण तो रिकामा खांब अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आज भात शिजवून आणलाय. समुद्राकडच्या भिंतीशी ठेवलाय, सीगल हाकलत लिहितोय. कावळा दिसत नाही. आईला काय वचन द्यावं तेही सुचत नाही. एका जागी राहीन म्हटलं तर तीच हसेल.

मी कुठे आहे ते दादाला सांगू नकोस.

थांब.

वहिनी, दादा आलाय. पार्किंगकडून चालत आला, हातात आईचा पोळ्यांचा डबा. किल्ल्याचा फोटो तिने त्यालाही दाखवला असणार. डब्यातला भात त्याने माझ्या भाताशेजारी ठेवला आणि समुद्राकडे बघतच विचारलं, "जेवलास का?"

बास करतो. त्याला एकट्याला उभं ठेववत नाही.

तुझा
ऋषी