कुप्प्याचे गोंडे

॥ श्री ॥
उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
५ नोव्हेंबर २०२४

चि. राजवीर यास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. दीड पान गोंड्यांच्या रंगांवर आणि तळाला एक ओळ आईच्या तब्येतीवर. तब्येत बरी आहे. कान गेले ते गेलेच. यंत्र लावलं की डोक्यात गिरणी सुरू होते, म्हणून ते कपाटात ठेवून दिलंय. समोरच्या माणसाचं ओठांवरून थोडंफार कळतं, पण फोनच्या बारक्या पडद्यावर नुसते तुझे ओठ हललेले दिसतात, काही कळत नाही. तेव्हा पत्रच लिहीत जा.

पार्सलमध्ये गोंडे आहेत. पाठ निळी-हिरवी, पोट पांढरं, तू सांगितलंस तसं. तुझ्या वडिलांबरोबर मी जन्मभर बेंदराला बैलांच्या शिंगांचे गोंडे केले. आता वडगावच्या बाजारात बैलच कमी, तर गोंडे कोण घेतो? पण गळाच्या दांडीवर गोंडा बांधून समुद्रात फेकायचा, हे अजून माझ्या डोक्यात शिरत नाही. पांढरी पिसं शेजारच्या शाहिस्ताच्या नवऱ्याने त्याच्या चिकनच्या दुकानातून आणून दिली. तिने विचारलं, की मावशी, अंदमानात माशांचाबी बेंदूर असतोय व्हय?

दिवाळीला येतो म्हणाला होतास. त्याआधी पावसात येतो म्हणाला होतास. कागलच्या कारखान्याने आठ दिवसांसाठी इंजिन बसवायला पाठवलं होतं तुला, चार वर्षं झाली. चकल्या शाहिस्ताच्या पोरांनी संपवल्या.

पत्राला उशीर करशील तर पार्सललाही उशीर होईल, हे ध्यानात ठेवून लोभ असू दे.

तुझी आई


पोर्ट ब्लेअर
२४ नोव्हेंबर २०२४

ती. आईस राजवीरचा सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. खरं लिहितो, रागावू नकोस. गोंडे इतके देखणे, की आमच्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने विचारलं, हे पाण्यात टाकायचे की लग्नात मिरवायचे? आणि मासा काही लागला नाही.

चूक माझीच, मी नीट सांगितलं नव्हतं. आम्ही बोट थांबवत नाही. ती चालत असते आणि मागे लांब दोरीवर गळ ओढला जातो. कुप्पा मासा, ज्याला टुना म्हणतात तो, खालून वर बघतो. त्याला घाबरून पळणाऱ्या बारक्या माशाचं पोट दिसलं पाहिजे. तुझा गोंडा दाट आहे आणि शेवट कात्रीने सरळ कापलेला, त्यामुळे तो पाण्यावर नुसत्या उड्या मारतो. धागे निम्मेच घे. टोकं एकसारखी कापू नकोस, शेपटीकडे निमुळती होऊ देत. एक गोष्ट मात्र तुझ्यासारखी कुणाला जमत नाही. तुझे धागे दांडीभोवती सगळीकडून सारखे बसतात. दुकानातले गोंडे ओढताना गिरक्या घेतात आणि दोरीला पीळ पडतो. तुझा सरळ चालतो.

दिवाळीचं म्हणशील तर आमचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. उन्हाळ्यात बघतो. इथे दिवसभर हिंदी बोलावी लागते. तुझं पत्र मी खोलीत मोठ्याने वाचतो, तेवढंच आपलं बोलणं कानावर पडतं.

लोभ आहेच, तो पार्सलएवढाच नियमित असावा.

तुझा
राजवीर


॥ श्री ॥
कोल्हापूर
८ जानेवारी २०२५

चि. राजवीर यास अ. उ. आ.

निम्मे धागे घे म्हणे! दाट गोंड्यासाठी मी या पेठेत नाव कमावलं आणि पोटचं पोर मला निम्मे धागे घ्यायला शिकवतंय. घेतले निम्मे. गळाच्या टोकाला बूच लावते, दांडी पायाच्या अंगठ्यात धरते आणि एक-एक पदर लावत जाते. चार गोंडे उसवले, पाचवा मनासारखा झाला.

चालतो कसा ते बघायला तो सुतळीला बांधून पंचगंगेच्या घाटावर नेला आणि पायऱ्यांवरून चालत पाण्यातून ओढला. धुणं धुणाऱ्या बायका हसायला लागल्या. झुंबरबाईच्या ओठांवरून एवढं कळलं, की शालू, या वयात मासं धरतीस व्हय? मी सांगितलं, की मी न्हाय, मासं माझ्या लेकाला लागत्यात. पाण्यात तो इतका खरा दिसत होता, की मलाच क्षणभर त्याची दया आली.

एक सांगते. घाटावरून येताना वाटेत मनात आलं, की गोंडा चांगला झाला तर मासा लागणार, आणि मासा लागला की तू तिथेच राहणार. म्हणजे मीच तुला तिथे बांधून ठेवतेय. पण वाईट बांधायला हात वळत नाही, काय करू? शिवाय गोंडे लागतात म्हणून तर तुझं पत्र येतं.

पुढचे रंग लवकर कळव. माया आहे, ती विचारायची गोष्ट नाही.

तुझी आई


पोर्ट ब्लेअर
२० फेब्रुवारी २०२५

ती. आईस सा. न. वि. वि.

आई, लागला! तुझ्या निळ्या गोंड्याला चाळीस किलोंचा कुप्पा लागला. दोरी अशी सुटली की रीळ किंचाळायला लागलं. चेन्नईचे एक गृहस्थ हौसेने मासेमारीला आले होते. त्यांनी अर्धा-पाऊण तास ओढाओढ केली आणि मासा बोटीत आल्यावर ते चक्क रडले. तांडेल म्हणाला, की हे बांधणाऱ्याचे हात बघायला पाहिजेत. मी म्हटलं, ते हात कोल्हापुरात आहेत.

आता तुझ्यासाठी आनंदाची बातमी. मोतीबिंदूनंतरचे तुझे डोळे आणि त्यात हे बारीक काम, मला मनातून वाईट वाटायचं. म्हणून गळ धरायचा एक छोटा शिकंजा घेतला आणि तुझा गोंडा उसवून, मोबाईलवर बघत बघत शिकलो. शेवटी आयटीआयमध्ये घासलेला हात आहे. परवा माझ्या गोंड्यालाही मासा लागला. तेव्हा आता पार्सल पाठवू नकोस. पिसं आणायला नकोत, पोस्टात उभं राहायला नको. खूप केलंस, आता निवांत बस.

तब्येतीला जप. लोभ वाढता असू दे.

तुझा
राजवीर


कोल्हापूर
३ मार्च २०२५

चि. राजवीर यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुला जमलं, छान झालं. उरलेले धागे डब्यात घालून माळ्यावर टाकले. जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आई


पोर्ट ब्लेअर
१२ एप्रिल २०२५

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझ्या मार्चमधल्या त्या तीन ओळींनंतरचं हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. शेवटी शाहिस्ताला मेसेज केला. तिने कळवलं, की मावशी धडधाकट हायत, पर कुणाशी बोलत न्हाईत, दारात बसून असत्यात. डोळ्यांचं काही झालंय का? की माझं काही चुकलं? मी तर तुझा त्रास कमी केला. चुकलं असेल तर शिव्या दे, पण दोन ओळी टाक. पोस्टमन दिसला की आता मला धडकी भरते.

उत्तराच्या आशेवर,
तुझा राजवीर


॥ श्री ॥
कोल्हापूर
२१ एप्रिल २०२५

चि. राजवीर यास अ. उ. आ.

डोळे ठीक आहेत. मी रुसले होते, झालं समाधान? या वयात रुसणं शोभत नाही, पण रुसले.

त्रास कमी केला म्हणतोस. त्रास होतो असं मी कधी म्हणाले? सकाळी उठलं की आज निळा घ्यायचा की हिरवा, एवढा तरी विचार असायचा. पिसं आणायला शाहिस्ताकडे जायचे, पोस्टातला माणूस खुणेने विचारायचा, मुलगा काय म्हणतो. आता उठते, चहा पिते आणि दुपार सरता सरत नाही. बहिऱ्या बाईशी कोण किती वेळ बोलणार? शाहिस्ता बिचारी हातवारे करून दमते. राजवीर, मला फार एकटं वाटतं. निवांत बस म्हणालास, तर निवांत मी केव्हाची बसलेलीच आहे. जगात एकाच माणसाला माझं काही लागत होतं, ते तू मोबाईलवर शिकून घेतलंस.

गोंड्यांचं जाऊ दे. मला एकच सांग, इथे परत राहायला येणार आहेस की नाही? 'बघतो' लिहू नकोस. 'बघतो' मी चार वर्षं वाचतेय. नाही म्हणालास म्हणून मी मरणार नाही. पण वाट बघायची की नाही, एवढं तरी मला कळू दे.

तुझी आई


पोर्ट ब्लेअर
९ मे २०२५

ती. आईस राजवीरचा सा. न. वि. वि.

राहायला म्हणून येणार नाही, आई. हे वाक्य लिहिलं आणि कागद दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. कागलच्या रात्रपाळीत माझं काय झालं होतं, ते तू पाहिलंयस. जेवण जायचं नाही, कुणाशी बोलवायचं नाही. इथे पहाटे इंजिन सुरू करून बोट बाहेर काढली की जीव मोकळा होतो. इथेही मी एकटाच आहे, खोटं कशाला सांगू? पण हे एकटेपण मला सोसतं, तिथलं सोसत नव्हतं. तू इकडे येशील का? विचारतो, पण पेठ सोडून तू येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.

आज काही मागायचं नाही, तरी लिहितोय. काल बोट काठावर ओढली आणि दिवसभर तिच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडले. रात्री पिठलं केलं, ते करपलं. समोरच्या बंगाली काकूंनी भात दिला. आमच्या गल्लीत एक बोका आहे, तो फक्त माझ्याच पायात घोटाळतो. अंगाला माशाचा वास येत असणार, दुसरं काय! एवढंच घडलं. यापुढे असंच लिहीत जाईन.

पावसात बोटी बंद असतात, तेव्हा पंधरा दिवस नक्की येतो. हे 'बघतो' नाही.

रागावलीस तरी चालेल, पण लोभ तोडू नकोस.

तुझा
राजवीर


॥ श्री ॥
कोल्हापूर
२८ मे २०२५

चि. राजवीर यास अ. उ. आ.

बरं झालं, सरळ लिहिलंस. वाचून रडले, ते लपवत नाही. मग भाकरी केली आणि खाल्ली. तुला तिथे मोकळं वाटतं, तर तिथेच राहा. पोराला कोंडून ठेवून आईला कसलं सुख? पेठ सोडून मी येणार नाही, हे बरोबर ओळखलंस. पिठलं ढवळत राहायचं असतं, मोबाईलकडे बघत बसायचं नसतं. बोक्याला रोज खायला घालू नकोस, लळा लागतो.

आणखी एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. तू अचानक आलास आणि दार वाजवलंस तर मला ऐकू येणार नाही, म्हणून तू गेल्यापासून मी आतून कडी लावत नव्हते. नुसतं दार लोटून झोपायचे. शाहिस्ता कितीदा भांडली, की मावशी, चोर शिरला तर कळायचंबी न्हाय. मी तिला दाद दिली नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी कडी लावायला गेले, तर ती गंजून घट्ट झालेली. गोडं तेल सोडलं, तेव्हा कुठे सरकली.

आता मी रोज कडी लावते. तेव्हा पावसात येशील तेव्हा कुठल्या दिवशी, किती वाजता पोचतोस, ते आधी कळवून ये.

तुझी आई